परब काकांचा पुकारा

सकाळी सहाच्या सुमारास मुलुंड पूर्वेला हायवेच्या सर्व्हिस रोडवर तुम्ही कधी गेलात, आणि कुणीतरी कुणाचं तरी पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, कोर्टात पुकारतात तसं तीनदा ओरडताना ऐकू आलं, तर घाबरू नका. तो आरोपी मी असतो.

"प्रशांत दिगंबर साळवीऽऽ! हाजिर होऽऽ!"

माझे वडील हयात होते तेव्हा आठच्या आधी कधी उठले नाहीत. आता त्या बिचाऱ्यांचं नाव रोज उजाडता उजाडता हायवेवर घुमतं. हाका मारणारा माणूस माझ्या मागे असतो, कधी रस्त्याच्या पलीकडे असतो. पहिल्या दोन हाका खणखणीत. तिसरी अलीकडे मधेच फाटते, पण फाटली तरी पोहोचते. आणि तिसऱ्या हाकेलाही मी ओ दिली नाही, की धापा टाकत, कॅनव्हासचे बूट आपटत एक सत्तरीपुढचा म्हातारा माझ्या बाजूला येतो, पळता पळता माझ्या कानातला एक इयरफोन उपटतो आणि स्वतःच्या कानात घालतो.

हो. स्वतःच्या कानात. माझा इयरफोन.

मग मान वाकडी करून थोडं ऐकतो. "ह्या काय आसा?" असं विचारतो. मी चिडून काहीतरी सांगतो. तो इयरफोन बनियनला पुसून परत देतो आणि पुढे निघून जातो. कानातला मळ ही प्रत्येकाची खासगी बाब आहे असं मानणारा मी माणूस, पण हे कुणाला सांगणार?

हे आमचे परब काका. आमच्याच सोसायटीत, बी विंग, तळमजला. हयातभर एका कोर्टात पट्टेवाले होते. साहेबांच्या दाराबाहेर उभं राहून पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचा, हे काम. तीन पुकारे करायचे, तिसऱ्यालाही कुणी आलं नाही तर केस एकतर्फी. काका निवृत्त होऊन जमाना झाला, पण तीन पुकाऱ्यांची सवय काही निवृत्त झाली नाही. भाजीवाल्यालासुद्धा तीनदा पुकारतात, तो समोर उभा असला तरी.

आता माझी बाजू ऐका. मला पळायची हौस नाही. साखर वाढली, डॉक्टरांनी दम दिला, म्हणून मी पळायला लागलो. पहिला आठवडा नुसताच पळालो तर स्वतःची धाप ऐकूनच दमायचो. मग कानात गाणी घातली, चांगली ढिनच्यॅक, ठेक्याची, आणि काय सांगू, पाय आपोआप पडायला लागले. घरी बायको, दोन मुलं आणि टीव्ही. ऑफिसात साहेब. मधल्या वेळात फोनवर साहेब. अख्ख्या दिवसात हा एकच तास असा, ज्यात मला कुणी काही सांगत नाही, विचारत नाही, मागत नाही. एक तास! फार मागतोय का मी? आणि नेमक्या त्याच तासात ह्या माणसाने माझ्या कानावर टाच आणावी?

काकांचं तत्त्वज्ञान सरळ आहे. "फुकट गावता ता आयक, इकत घेतलेला घराक जावन आयक." म्हणजे फुकट मिळतं ते ऐक, विकत घेतलेलं घरी जाऊन ऐक. मी एकदा वाद घातला. म्हटलं, काका, इथे फुकट काय मिळतं? हॉर्न? तर म्हणाले, "होय तर! पण कोणाचो हॉर्न ता सांग." आणि तिथेच परीक्षा सुरू.

"आता मागसून काय गेला?"

"रिक्षा."

"मेल्या, दुधाचो टेम्पो! कॅन वाजत होते."

"काका, टेम्पो असो की रिक्षा, मला काय फरक पडतो?"

"तुका नाय पडत," असं म्हणून ते हात हलवत पुढे गेले.

ते हात हलवणं हाही एक प्रकारच होता. पळताना तुमचे-आमचे हात पुढे-मागे होतात. काकांचे हात काहीही करायचे. मधेच एका मुठीवर दुसरी मूठ आपटायची. मधेच बोटं कानापाशी नेऊन थरथरवायची. कधी दोन्ही पंजे पोटाशी गोल फिरवायचे, मग मान हलवून 'नाही नाही, असं नाही' केल्यासारखं तेच पुन्हा वेगळ्या पद्धतीने. वॉचमन एकमेकांना कोपराने ढोसायचे. आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपचा म्होरक्या केतन शाह म्हणायचा, "यार, हा हातांचा योगा आहे काहीतरी." मी म्हणायचो, स्क्रू ढिला आहे.

सावध राहायला हवं, रस्त्यावर कान उघडे हवेत, वगैरे मलाही कळतं. पेपरात येतं, बायको वाचून दाखवते, चष्म्यावरून बघत. पण खरं सांगतो, गाण्यांमुळे मी एकदाही पडलो नाही. पडलो तो काकांच्या हाकेने. दुसऱ्या पुकाऱ्याला दचकून मागे बघितलं आणि गटाराच्या झाकणाला ठेचकाळून सपशेल आडवा. गुडघे फुटले. काका आले, मला उठवलं, माझ्या अंगावरची माती झटकली. आणि मग विचारलं काय असेल? "पडलंस तेव्हा कानात काय चालू होता?"

असा संताप आला!

उपाय करून झाले. रस्ता बदलून मिठागर रोडला गेलो, काका तिथे. वेळ बदलली, काकांनीही बदलली. कान झाकणारे मोठे हेडफोन आणले, तर दारावर टकटक करावी तसं त्यांच्यावर बोटाने वाजवलं आणि म्हणाले, "उघड." केतन बिचारा शेअर बाजाराचं काहीबाही ऐकत पळतो. त्याच्याही कानातून काकांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न, "ती बाई काल रडकुंडीक इल्ली. तिचो शेअर वर गेलो काय?"

शेवटी केतननेच डोकं लढवलं. काकांचा वाढदिवस आला होता. म्हणाला, "आपण त्यांना इयरफोनच देऊ या ना! एकदम झकास. स्वतःच्या कानात गाणी असली की दुसऱ्याच्या कानात कशाला घुसतील?" मला हे इतकं पटलं की मी त्याला रस्त्यातच मिठी मारली. चांगल्यापैकी इयरफोन आणले, रंगीत कागदात बांधले. मी त्यांच्याच सोसायटीत राहतो म्हणून द्यायला मी जायचं ठरलं.

रविवारी पळून झाल्यावर तसाच घामेजलेला बी विंगमध्ये गेलो. इतकी वर्षं एका आवारात राहून मी त्यांच्या घरी कधी गेलो नव्हतो. काकूंना लांबून बघितलं होतं, गॅलरीत तांदूळ निवडताना. मी हात केला तर हसायच्या, बोलायच्या नाहीत. शिष्ट असतील, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

बेल दाबली. वाजलीच नाही. पुन्हा दाबली. दार नुसतं लोटलेलं होतं, फटीतून बघतो तर आत भिंतीवर एक लाल दिवा उघडझाप करत होता. बेलच्या जागी दिवा! पण त्या दिव्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. काकू पलंगावर बसल्या होत्या, हातात चहाचा कप. समोर काका उभे, अजून बूटसुद्धा काढलेले नाहीत. आणि काकांचे हात चालले होते.

आधी मला वाटलं भांडण चाललंय. मग नीट बघितलं. काकांनी मुठीवर मूठ आपटली, दोन्ही हात हँडलवर धरल्यासारखे केले आणि अंग गदागदा हलवलं. काकू म्हणाल्या, "दुधाचा टेम्पो." काकांनी मान डोलावली. बोटं कानापाशी नेऊन थरथरवली, मग चोच केली. "तांबट? आज लवकर ओरडला." मग काकांनी खांदे पाडले, तोंड उघडं टाकलं, जीभ बाहेर काढली आणि जागच्या जागी धपाधपा पाय आपटत, कपाळाला आठ्या घालून पळायला लागले. मधेच मागे वळून त्यांनी कुणालातरी तोंडातल्या तोंडात शिवी दिली.

काकूंचा चहा हिंदकळला इतक्या त्या हसल्या. "साळवी!" म्हणाल्या. "साळवी चिडला!"

मी दारातच उभा होतो, तसाच, तोंड उघडं टाकून.

काकूंनी मला बघितलं, पदराने डोळे पुसले आणि आत बोलावलं. आवाज थोडा मोठा, सपाट, चढउतार नसलेला. "बस रे. चहा घे. माझ्या तोंडाकडे बघून सावकाश बोल, म्हणजे कळतं मला."

आता तुम्हाला कळलं असेल. मला मात्र कळायला दोन वर्षं आणि रंगीत कागदातला खोका लागला.

काकूंना काही वर्षांपूर्वी कसलातरी ताप आला आणि कान गेले. एका पावसाळ्यात थोडे गेले, पुढच्या पावसाळ्यात उरलेले. मशीन घालून बघितलं. "मशीनमधून नुसती गिरणी ऐकू येते," काकू म्हणाल्या. गिरणी त्यांना ठाऊक होती. काकांचे वडील आणि काकूंचे वडील दोघेही परळच्या बाजूला एकाच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. साचेखात्यात इतका खडखडाट, की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. मग ती माणसं हातांनी बोलायची. धागा तुटला, मुकादम आला, चहा सांग, पोराला ताप आहे, सगळं हातांनी. घरी आल्यावरही हात थांबायचे नाहीत, त्यामुळे चाळीतल्या पोरांनाही ती भाषा यायची. खेळ म्हणून शिकलेलं ते म्हातारपणी असं कामाला आलं.

"पण त्यात तांबट नव्हता," काका म्हणाले. "गिरणीत खंयचो तांबट? तो माकाच करूचो लागलो." पळताना ते हात हलवत असायचे ते हेच. सकाळी जे ऐकलं ते घरी कसं सांगायचं, याची तालीम चाललेली असायची.

"आणि माझ्या कानातलं?" मी विचारलं.

काका खिडकीबाहेर बघायला लागले. काकूंनीच सांगितलं. "मीच म्हटलं ह्यांना. मी गॅलरीतून बघते ना, सगळी पोरं कानात घालून जातात. काय ऐकतात रे एवढं, म्हटलं, जरा विचारून या. पण ह्यांना ठेका तेवढा सांगता येतो, शब्द विसरतात. मंगळवारी तुझ्या कानात काय होतं? हे असं असं करत होते." आणि काकूंनी पलंगावर बसल्या बसल्या कंबर अशी काही हलवली, की मला दरदरून घाम फुटला. त्या गाण्याचे शब्द आईच्या वयाच्या बाईसमोर, तेही सावकाश, ओठांच्या स्पष्ट हालचाली करून सांगायचे म्हणजे! मी म्हटलं, काकू, देवाचं आहे. काका खिडकीकडे तोंड करून खोकल्याच्या नावाखाली हसले.

मग काकूंनी मला लग्नाची गोष्ट सांगितली. त्यांच्या वडिलांची चाळीतल्या खोलीवरून केस चालू होती. काकू साक्षीदार. कोर्टाच्या व्हरांड्यात बसल्या होत्या आणि त्यांच्या नावाचा पुकारा झाला. "मी पहिल्याच हाकेला समोर जाऊन उभी राहिले. तरी ह्यांनी माझ्याकडे बघत बघत आणखी दोनदा पुकारलं. आत साहेब ओरडले, अरे, आली ना ती!"

"नाव बरा होता," काका म्हणाले, आणि आत जाऊन बूट काढायला लागले.

आमची भेट त्यांनी उघडून बघितली, "बरा आसा, बरा आसा," म्हणाले आणि कपाटावर काकूंच्या मशीनच्या डबीशेजारी ठेवून दिली. ती अजून तिथेच आहे.

एवढं सगळं कळल्यावर माझा राग गेला असेल, असं तुम्हाला वाटत असेल. अजिबात नाही. कारण कळलं म्हणून कानठळ्या बसायच्या थांबतात का? सोमवारी सहाला पुन्हा "प्रशांत दिगंबर साळवीऽऽ!" पुन्हा इयरफोन उपटला, पुन्हा बनियनला पुसला. वर आता नवीन ताप म्हणजे मला गाणी निवडून घालावी लागायला लागली. चांगल्यापैकी, शब्द सांगता येतील अशी. तुम्ही कधी भावगीतावर पळून बघितलंय? पाय उचलतच नाहीत. मी काकांना म्हटलंसुद्धा, तुमच्यामुळे माझा स्पीड गेला. तर म्हणतात, "जावंदे, तू खंय पयलो येवचो होतंस?"

मग उन्हाळ्याच्या तोंडावर काकांना ताप आला. छातीत कफ झाला, घसा पार बसला. डॉक्टरांनी सांगितलं, घराबाहेर पडायचं नाही आणि बोलायचं तर अजिबातच नाही. मी, खोटं कशाला बोलू, खूश झालो. काढली जुनी ढिनच्यॅक गाणी आणि सुटलो. पहिला दिवस काय मजेत गेला! दुसराही. तिसऱ्या दिवशी पळून परत येतो तर तळमजल्याच्या गॅलरीत काका, मफलर गुंडाळून उभे. तोंडाने एक शब्द नाही. माझ्याकडे बोट केलं, कानातून काहीतरी उपटून फेकून दिल्यासारखं केलं, लांब रस्ता दाखवला, मग घरात बोट केलं. माझ्यासारख्या ठोंब्यालाही ते कळलं. काकूंना तीन दिवस कुणी काही सांगितलं नव्हतं.

"काका, मला ते हात-बित जमत नाही हां," मी म्हटलं. त्यांनी हात जोडले. कोर्टात कधी कुणापुढे जोडले असतील का, कोण जाणे. मला फारच कसंतरी झालं.

चौथ्या दिवशी बोडक्या कानांनी पळालो. शप्पथ सांगतो, आयुष्यात इतकं दमलो नाही. काहीच ओळखू येईना. हा कुठला पक्षी? ही कुठली गाडी? सगळी नुसती रस्त्याची कचकच. पण अर्ध्या रस्त्यात कचऱ्याची गाडी सापडली, पुढे एक कुत्रं रिक्षावर भुंकताना सापडलं. आणि हायवेवर मालवणहून आलेली रात्रीची बस थांबली होती. उतरलेला एक गृहस्थ निघालेल्या बसच्या मागे पळत जिवाच्या आकांताने ओरडत होता, "माझो फणस! मेल्यांनो, डिकीत माझो फणस रवलो!" मी थांबून सगळं ऐकून घेतलं. बस थांबली का, फणस मिळाला का, तेही बघितलं. मिळाला. काकूंनी विचारलं असतं.

काका आतल्या खोलीत पडले होते, खोकत होते. मी बाहेर काकूंसमोर उभा राहिलो. कुत्रं जमलं. कचऱ्याची गाडी त्यांनी ओळखलीच नाही, त्यांना तो हत्ती वाटला. पण फणस! दोन्ही हातांत फणस धरून, पोट पुढे काढून, मी त्या एवढ्याशा खोलीत दोन फेऱ्या मारल्या. काकू पलंगाची कड धरून हसत होत्या. माझ्या बायकोने बघितलं असतं तर डॉक्टरांना फोन केला असता.

हसणं थांबल्यावर त्यांनी आतल्या दाराकडे एकदा बघितलं. मग माझ्याकडे वाकून, अगदी हळू आवाजात, म्हणजे त्यांना तो हळू वाटला, विचारलं,

"एक विचारू? ह्यांचा आवाज आता कसा आहे रे? म्हातारा झालाय का?"

आतला खोकला थांबला. काकूंचं ते 'हळू' पलीकडच्या विंगेतसुद्धा ऐकू गेलं असतं.

मला भरून आलं, आणि भरून आलं याचाही राग आला. सकाळच्या प्रहरी काय हे! दोन वर्षं ज्या आवाजाला मी शिव्या घातल्या, तो आवाज कसा आहे हे ह्या बाईला हातांनी सांगायचं, आणि जगात तिला हे विचारायला मीच सापडावा? तिसरी हाक फाटते, हे मला ठाऊक होतं. तीन दिवसांत तर त्या घशातून धड शब्दसुद्धा निघाला नव्हता.

मी दोन्ही तळहात कानांवर गच्च दाबले. डोळे मिटले, दात-ओठ खाल्ले, खांदे कानापर्यंत वर नेले आणि कुणी कानात तोफ डागावी तसा मागच्या मागे भिंतीवर जाऊन आदळलो. मग डोळे उघडून तीन बोटं वर केली.

"अजून तीनदा?" काकूंनी विचारलं.

मी मान डोलावली. तीनदा. रोज.

"मग ठीक आहे," काकू म्हणाल्या. माझा गार झालेला चहा उचलून त्या गरम करायला आत गेल्या. जाताना आतल्या खोलीच्या दारात क्षणभर थांबल्या. पलंगावर भिंतीकडे तोंड करून काका झोपेचं सोंग घेऊन पडले होते. काकूंनी आत जाऊन त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.